पाहुण्यानं विनोद करू नये

विनोदी कार्यक्रमात एखादा मोठा माणूस पाहुणा म्हणून आला, की त्यानं विनोदी व्हायचा प्रयत्न करू नये, असं माझं ठाम मत आहे. मत जुनंच. परवा यूट्यूबवर मोरकम आणि वाइज यांचा 1971 चा ख्रिसमस कार्यक्रम पुन्हा पाहिला आणि ते आणखी घट्ट झालं. म्हटलं, आता लिहूनच टाकू. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

ज्यांना नावं नवीन आहेत त्यांच्यासाठी: एरिक मोरकम आणि अर्नी वाइज ही बीबीसीवरची जोडगोळी. एरिक उंच, चष्मेवाला, कुणाचीही फिरकी घेणारा. अर्नी बुटका आणि स्वतःला थोर नाटककार समजणारा. 1968 मध्ये एरिकला हृदयविकाराचा झटका आला, जुने लेखक सोडून गेले, आणि एडी ब्रेबन त्यांच्यासाठी लिहू लागला. हा गडी एके काळी लिव्हरपूलच्या मंडईत फळं-भाज्या विकायचा. पाहुण्यांचा खेळ खरा रंगला तो याच्या लेखणीतून. अर्नीनं 'लिवलेलं' एखादं भिकार नाटक, आणि त्यात काम करायला रंगभूमीवरची मातब्बर मंडळी, ही कल्पना वर्षानुवर्षं पुरली.

तर 1971 चा पाहुणा होता आंद्रे प्रेविन. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचा प्रमुख कंडक्टर, म्हणजे छडी हलवून वाद्यवृंद चालवणारा, आणि सिनेसंगीतासाठी चार ऑस्कर मिळवलेला. त्याला सांगितलेलं असतं, प्रसिद्ध व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन वाजवणार आहेत. येऊन बघतो तर संगीतकार ग्रीगचा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना), आणि पियानोवर एरिक! वर एरिक त्याला 'अँड्र्यू प्रिव्ह्यू' म्हणतोय. प्रेविन म्हणतो, ठीक आहे, मी जाऊन माझी छडी घेऊन येतो. आणा की, म्हणतात. 'ती शिकागोला आहे.'

हे वाक्य त्यानं कसं टाकलंय ते बघाच. ना भुवई उडवली, ना हशाची वाट पाहिली. कामाच्या वेळी फालतूपणा खपवून न घेणारा, वैतागलेला माणूस जसा बोलेल तसा बोलला. त्या क्षणी एरिकचा चेहरा खुलतो. गडी आपल्यातला आहे, हे त्याला कळलंय.

पुढे वाद्यवृंद सुरू होतो. एरिक पियानोपाशी पोचेपर्यंत सुरुवातीची सुरावट संपलेली असते. मग तो विचारतो, ही जरा यार्डभर वाढवता येईल का? पियानोच्या झाकणामुळे एरिकला कंडक्टर दिसत नाही, म्हणून प्रेविननं ऐन वेळी उडी मारायची, असं ठरतं. आणि प्रेविन उडी मारतो. पूर्ण गांभीर्यानं, जणू ग्रीगनं स्वरलिपीतच लिहून ठेवलीय. शेवटी एरिक भलतंच काहीतरी वाजवतो, प्रेविन त्याला सुनावतो, आणि एरिक त्याची कॉलर धरून सांगतो की सूर सगळे बरोबरच आहेत, क्रम तेवढा जुळेलच असं नाही.

या सगळ्यात प्रेविननं एकदा जरी ओठ दाबून 'बघा, मीपण किती खेळकर' असा चेहरा केला असता, तर प्रसंग तिथेच मेला असता. विनोद उभा आहे तो त्याच्या चिडण्यावर. तो खरोखरीचा कंडक्टर असल्यामुळेच एरिकचा आगाऊपणा आगाऊपणा ठरतो.

आणि हे आयत्या वेळी सुचलेलं नव्हतं बरं का. या कार्यक्रमात पाहुण्यांना रीतसर तालमी असायच्या. प्रेविनची आई आजारी पडली, त्याला मध्येच अमेरिकेला जावं लागलं. परतल्यावर विमानतळावरून येताना गाडीच्या मागच्या सीटवर बॅटरीच्या उजेडात त्यानं संवाद पाठ केले, हा किस्सा प्रसिद्ध आहे. एरिक-अर्नीला म्हणे घाम फुटला होता. संवाद चोख पाठ होते म्हणूनच टायमिंग असं बसलं.

ग्लेंडा जॅक्सनचंही तसंच. एक ऑस्कर नावावर असलेली गंभीर नटी 1971 मध्ये यांच्याकडे क्लिओपात्रा झाली आणि अर्नीची अशुद्ध, बेंगरूळ वाक्यं शेक्सपिअर असल्यासारखी बोलली. ते पाहून दिग्दर्शक मेल्विन फ्रँकनं तिला 'अ टच ऑफ क्लास' या विनोदी सिनेमात घेतलं आणि तिला दुसरं ऑस्कर मिळालं. एरिकनं तार केली म्हणतात: आमच्याबरोबर राहा, अजून एक मिळवून देऊ! (बाई नंतर मजूर पक्षाच्या खासदार झाल्या. 23 वर्षं.)

पीटर कुशिंग तर माझा लाडका. ड्रॅक्युलाच्या सिनेमांतला हा सभ्य नट 1969 मध्ये एकदा येऊन गेला आणि त्यानंतर पुढची कित्येक वर्षं मध्येच उगवून आपलं राहिलेलं मानधन मागत राहिला. तेही अत्यंत अदबीनं! अँजेला रिपन 1976 च्या ख्रिसमसला बातम्या वाचता वाचता टेबलामागून उठली आणि नाचू लागली. बातम्यांच्या बाईला पाय असतात हे देशाला तेव्हा दिसलं. पुढच्या वर्षी निवेदक आणि समीक्षक मंडळींना खलाशांच्या कपड्यांत कोलांट्या मारायला लावल्या (कोलांट्या अर्थातच कसरतपटूंच्या). तो कार्यक्रम दोन कोटींहून जास्त लोकांनी पाहिला.

'टू रॉनीज' या बीबीसीच्याच दुसऱ्या विनोदी कार्यक्रमात पाहुणी गायिका यायची, गाणं म्हणायची, जायची. छान, पण तेवढंच.

आपल्याकडे बहुतेक वेळा पाहुणा सोफ्यावर बसतो, सिनेमाची तारीख सांगतो आणि कॅमेरा त्याचं हसणं टिपतो. कलाकार जीव तोडून स्किट करतात, आणि आपण बघतो काय, तर हिरोला हसू आलं का! मधूनच त्याला स्टेजवर ओढतात, तो दोन वाक्यं अडखळत बोलतो, टाळ्या. दोष त्याचा नाही. त्याला तालीम द्यायला वेळ कुणाकडे आहे?

'मॉन्टी पायथन' या सहा जणांच्या विनोदी टोळीची तऱ्हा वेगळी. त्यांच्या 'फ्लाइंग सर्कस' या टीव्ही मालिकेत यजमानच नाही, मग पाहुणा येणार कुणाकडे? 1972 मध्ये रिंगो स्टार आणि लुलू आले. भागाच्या सुरुवातीला नुसतं 'इट्स' म्हणणारा, मायकेल पेलिननं रंगवलेला तो फाटका, दाढीवाला माणूस यावेळी थाटात सूत्रसंचालक झालेला. तो 'इट्स' म्हणतो आणि नेहमीप्रमाणे शीर्षकसंगीत सुरू होतं. पाहुणे कंटाळून उठून जातात. एका बीटलला बोलवायचं आणि काहीच करू द्यायचं नाही! हा माज मला आवडतो.

पण यांच्याबद्दल एक राग आहेच. बायकांची कामं हे सहा जण स्वतःच झगे घालून, किंचाळत करायचे. आपल्याला स्त्रीपार्ट म्हटलं की बालगंधर्व आठवतात, इथे बरोब्बर उलट मामला. खरीखुरी देखणी बाई लागली, की कॅरल क्लीव्हलंड. पहिल्या मालिकेपासून बाई त्यांच्याबरोबर आहे, पण सातवी पायथन म्हणून तिला कधी बसवलं नाही, वागवलं पाहुणीसारखंच. 1969 चा विवाह समुपदेशकाचा प्रसंग काढा. मायकेल पेलिन नवरा, एरिक आयडल समुपदेशक, ही बायको. हिला वाक्यं जवळजवळ नाहीतच. नवरा समोर बसून रटाळ बोलतोय आणि ही समुपदेशकाबरोबर सरळ पडद्याआड जाते, चेहऱ्यावर कुठेही 'गंमत चाललीय' असं न दाखवता. आयडलकडे नका बघू. तिच्याकडे बघा आणि खाली कमेंटमध्ये भांडायला या.