परत बोअरची गाडी आली

काल रात्री दीडला नळाला पाणी आलं, नऊ दिवसांनी, आणि वीस मिनिटांत गेलं पण. दोन ड्रम न् सात घागरी, बास, हौद कोरडाच राहिला. मागच्या गल्लीत लाईनला डायरेक्ट मोटर लावून ओढतात, कोण ओढतं ते अख्ख्या गावाला माहितीये, बोलत कुणीच नाही. पाठ टेकली न् टेकली तर घुर्रर्र सुरू. वरच्या शेतात बोअरची गाडी, टीएन पासिंगची, ऊन तापलं की तमिळनाडूहून येतातच या आमच्या मराठवाड्यात. सकाळपर्यंत आठशे फूट गेली आणि निघाली काय तर पांढरी धूळ!! त्याच शेतातला हा चौथा बोअर.

अरे आठशे फुटांवर कुणी पाणी ठेवलंय का? आपल्याकडं खाली काळा पाषाण, पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत, तेही पावसाचं मुरलेलं, आणि ते सगळ्यांचं एकच असतं. गावच्या नळाची विहीर त्याच ओढ्याला आहे. आधी होळीपर्यंत पुरायची, वर तीन बोअर पडले आणि आता संक्रांतीलाच तळ दिसतो. वरती ऊस हिरवागार आणि खाली आम्ही बायका मध्यरात्री घागरी घेऊन उभ्या.

आणि नियम नाही असं नाही ना! १९९३ पासून कायदा आहे की पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर-बोअर घ्यायचा नाही. नंतर २००९ चा भूजल कायदा आला, त्यात तर अधिसूचित, म्हणजे सरकारनं यादी करून जाहीर केलेल्या, भागात शेतीसाठी ६० मीटरच्या खाली, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली, जायलाच बंदी. विचारायला गेले तर उत्तर काय, तुमचं गाव यादीत आहे का बघावं लागेल. बघा मग! ५०० मीटर मोजायला कुठली यादी लागते, टेप आणा, मी धरते दुसरं टोक.

सोयाबीनला भाव नाही, उसाला कारखाना तरी आहे, हे कळतं मला, आम्ही पण शेतकरीच आहोत. पण २०१६ विसरलात का, मांजरा धरण आटलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर, टाक्यांपाशी भांडणं होतील म्हणून १४४ कलम लावलं होतं. त्याच वर्षी पाऊस पडला आणि आमच्या शिवारात पुढच्याच हंगामाला परत ऊस, परत बोअर.

आज दुपारी बघते तर तीच गाडी ओढ्याच्या कडेला उभी. जमिनीत पाणी कुठंय ते सांगणारा पाणाड्या येऊन गेला, नारळ पण फोडून झाला. गावच्या विहिरीपासून मोजली मी, एकशे दहा पावलं.