लॅक्टोफेरिन म्हणजे ‘दुधातलं लोह’ नव्हे

‘मुलांचं लोहाचं सिरप बंद करा, त्याने दात काळे पडतात, नैसर्गिक लोह असलेलं लॅक्टोफेरिन द्या,’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतो आहे. यातली दातांची गोष्ट तेवढी खरी, तीही निम्मीच.

लॅक्टोफेरिन हे दुधातलं, विशेषतः चिकातलं प्रथिन. त्याचा एक रेणू फार तर लोहाचे दोन अणू धरतो. हिशेब केला तर 100 मिलिग्रॅम लॅक्टोफेरिनमध्ये लोह जेमतेम 0.14 मिलिग्रॅम. 10 किलो वजनाच्या ॲनिमिया झालेल्या बाळाला उपचारासाठी रोज साधारण 30 मिलिग्रॅम लोह द्यावं लागतं. मग नुसत्या लॅक्टोफेरिनने ही तूट भरणार कुठून?

ते अगदीच थोतांड आहे असंही नाही. शरीरात दाह (इन्फ्लमेशन) असला की हेप्सिडिन हे लोहाची ये-जा रोखणारं संप्रेरक वाढतं आणि लोह पेशींत अडकून पडतं. ही अडवणूक लॅक्टोफेरिन कमी करत असावं. गरोदर स्त्रियांवरच्या चाचण्यांत त्याने हिमोग्लोबिन वाढलं, लोहाच्या गोळ्यांपेक्षा पोटाचा त्रासही कमी झाला. मुलांवरचे अभ्यास मात्र थोडे आणि छोटे. लोहासोबत द्यायचं का, ते बालरोगतज्ज्ञ ठरवतील. स्वतःच्या मनाने लोहाऐवजी नको. गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल तर मुळीच नको.

दातांवरचे डाग वरवरचे असतात. सिरप ड्रॉपरने जिभेच्या मागच्या बाजूला सोडा, वर पाणी पाजा. शी काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दूध किंवा चहाबरोबर मात्र देऊ नका. आणि हिमोग्लोबिन सुधारलं म्हणून बाटली लगेच ठेवून देऊ नका. शरीरातला साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात.