पन्नास मिलिग्रॅम आणि साठ मायक्रोग्रॅम

ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पुढच्या उन्हाळ्यात पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून राज्यभर रान पेटलं आणि जून 2025 च्या अखेरीस सरकारला ते आदेश मागे घ्यावे लागले. भाषेचा हा वाद नागपूरच्या हवा-पाण्याच्या प्रदूषणाच्या चर्चेतही डोकावतो. काही म्हणतात, एमिशन, इफ्लुएंट, सस्टेनेबल, कार्बन फूटप्रिंट हे शब्द मुलांकडून शाळेतच घोटून घ्या, म्हणजे ती उद्या कुठेही अडणार नाहीत. काही म्हणतात, हे सगळं आधी मराठीत आणा, नाहीतर कोळशाच्या वीज केंद्राशेजारी राहणाऱ्या कोराडी-वारेगावच्या माणसाच्या पदरी काय पडणार? इंग्लंडमध्ये राहून पाहताना दोघांचंही अर्धंच पटतं. इथल्या लोकांची मातृभाषाच इंग्रजी, तरी प्रदूषणाच्या बाबतीत त्यांनाही सहज गुंडाळता येतं. एकक कोणतं, सरासरी किती तासांची आणि मोजलं कुठे, हे विचारल्याशिवाय कुठल्याही भाषेतला शब्द कामाचा नाही.

इथला सध्याचा मोठा वाद सांडपाण्याचा आहे. जोराचा पाऊस झाला की गटारं तुंबू नयेत म्हणून पाणी कंपन्यांना प्रक्रिया न केलेलं पाणी नदीत किंवा समुद्रात सोडायची मुभा असते. अशा प्रत्येक प्रसंगाला इथे ‘स्पिल’ म्हणतात. 2023 साली इंग्लंडमध्ये असे सुमारे 4 लाख 64 हजार स्पिल नोंदले गेले. पण हा स्पिल मोजतात कसा? सोडणं सुरू झाल्यापासून पहिले बारा तास मिळून एक स्पिल, आणि त्यापुढे दर चोवीस तासांना एक. म्हणजे दहा मिनिटं घाण सुटली तरी एक आणि अकरा तास सुटली तरी एकच. सलग दहा दिवस मोरी उघडी राहिली तर नोंद फक्त अकरा. शिवाय त्या ठिकाणी बसवलेलं यंत्र किती वेळ पाणी गेलं ते सांगतं, किती लिटर गेलं ते सांगत नाही. ‘यंदा स्पिल कमी झाले’ या वाक्यातला प्रत्येक शब्द शाळकरी मुलाला समजेल, आणि तरी नदीत घाण कमी गेली की जास्त, ते त्यातून कळणार नाही. फक्त पावसाच्या झडी लांबल्या, तरी स्पिल कमी आणि घाण जास्त असं होऊ शकतं.

आता नाग नदीकडे या. ‘ट्रीटेड वॉटर’ आणि ‘एमएलडी’ हे दोन शब्द नागपुरात एव्हाना चहाच्या टपरीवरही चालतात. भांडेवाडीच्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, ही खरोखर चांगली गोष्ट आहे. तेवढं धरणाचं पाणी वाचतं. पण एमएलडी म्हणजे दिवसाला दशलक्ष लिटर, आणि बातमीत छापून येते ती बहुतेक वेळा प्रक्रिया केंद्राची उभारलेली क्षमता. त्या दिवशी प्रत्यक्ष किती पाणी आत आलं आणि किती तसंच वळवून दिलं, हा आकडा वेगळा असतो. ‘ट्रीटेड’लाही आकडा जोडल्याशिवाय काही अर्थ नाही. केंद्र सरकारच्या 2017 च्या अधिसूचनेत प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला बीओडीची (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते, त्याचं माप) मर्यादा ठरावीक महानगरांत लिटरमागे 20 मिलिग्रॅम आणि इतरत्र 30 अशी दिली. आंघोळीयोग्य नदीसाठी हीच मर्यादा 3 आहे. म्हणजे नियमात चोख बसणारं पाणी आंघोळीच्या दहापट घाण असू शकतं. नदीत मिसळायला पुरेसं स्वच्छ पाणी असेल तर ते खपून जातं. उन्हाळ्यात नाग नदीत वरून येणारं स्वच्छ पाणी असतं तरी कुठे?

हवेच्या बाबतीत गोंधळ याहून जास्त आहे, आणि तो परदेशातली मंडळीच घालतात. हिवाळ्यात घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी परदेशी अॅपमधला आकडा टाकतं, नागपूरचा नातेवाईक सरकारी आकडा टाकतो, आणि दोघं एकमेकांना खोटं ठरवतात. खरं तर दोघंही बरोबर असू शकतात. समजा, एखाद्या दिवशी पीएम 2.5 ची, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धुळीची, चोवीस तासांची सरासरी घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे. भारताच्या निर्देशांकात त्याचे 100 गुण होतात आणि शेरा मिळतो ‘समाधानकारक’. अमेरिकेच्या पद्धतीत तीच हवा दीडशेच्या वर जाते आणि शेरा येतो ‘अनहेल्दी’. ब्रिटनचा निर्देशांक एक ते दहा. त्यात ही हवा आठव्या पायरीवर, म्हणजे ‘हाय’. फुप्फुसात जाणारी धूळ तिन्हीकडे तेवढीच. परदेशी अॅप बरेचदा अमेरिकेची पद्धत वापरतात, म्हणून आकडा फुगलेला दिसतो. यावर उपाय एकच: गुण सोडा, मायक्रोग्रॅम विचारा.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. भारताचा एक्यूआय, म्हणजे हवेचा हाच निर्देशांक, ही सगळ्या प्रदूषकांची सरासरी नसते. 2015 पासून वापरात असलेल्या या पद्धतीत आठ प्रदूषकं धरली आहेत. प्रत्येकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला सर्वांत वाईट तोच त्या दिवसाचा एक्यूआय. किमान तीन प्रदूषकांची मापं हवीत, त्यात पीएम 10 (दहा मायक्रॉनपर्यंतची धूळ) किंवा पीएम 2.5 पैकी एक असलंच पाहिजे, आणि दिवसातल्या किमान सोळा तासांची नोंद लागते. यंत्र बंद पडलं की त्या दिवशी आकडाच नसतो. महिन्याची सरासरी काढताना हे कोरे दिवस गळून जातात, म्हणून सरासरीच्या शेजारी ‘किती दिवसांची’ हेही वाचावं लागतं. शिवाय यंत्रं आहेत कुठे? नागपूरचा रोजचा आकडा येतो तो सिव्हिल लाइन्स, रामनगर, अंबाझरी आणि महाल इथल्या केंद्रांवरून. कोराडी आणि खापरखेडा ही कोळशाची वीज केंद्रं शहराच्या उत्तरेला. वारा कुठल्या दिशेने वाहतोय त्यावर चिमणीचा धूर हवा मोजणाऱ्या यंत्रांपर्यंत पोचणार की नाही ते ठरतं.

कोराडीच्या बाबतीत तर एकक न पाहण्याची किंमत फार मोठी आहे. मे 2023 मध्ये, भर उन्हाळ्यात, 660 मेगावॅटच्या आणखी दोन वीजनिर्मिती संचांसाठी तिथे जनसुनावणी झाली आणि विरोधही जोरदार झाला. अशा सुनावणीत दोन आकडे हमखास कानावर पडतात: पन्नास आणि साठ. 2004 ते 2016 या काळात उभ्या राहिलेल्या संचांच्या चिमणीतून निघणाऱ्या धुळीची मर्यादा घनमीटरला 50 मिलिग्रॅम, आणि श्वास घेतो त्या हवेतल्या पीएम 2.5 ची चोवीस तासांची मर्यादा 60 मायक्रोग्रॅम. कानाला दोन्ही जवळजवळ सारखे. पण एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम होतात. चिमणीच्या तोंडाशी 50 हजार आणि आपल्या नाकाशी 60, असा हा हिशेब आहे. मधला फरक भरून काढायचं काम उंच चिमणी, वारा आणि अंतर यांच्यावर सोडलेलं असतं. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत दबून बसते, तेव्हा हे काम नीट होत नाही.

पन्नास मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभर, असं वाटतं. ढोबळ हिशेब करून पाहा. 660 मेगावॅटचा संच पूर्ण भारावर तासाला साधारण 23 लाख घनमीटर धूर सोडतो. मर्यादा काटेकोर पाळली तरी ती धूळ दिवसाला पावणेतीन टनांच्या आसपास जाते. ही फक्त चिमणीतून सुटलेली. विजेच्या युनिटमागे सुमारे 700 ग्रॅम कोळसा धरला तर असा संच दिवसाला अकरा हजार टन कोळसा जाळतो, आणि त्यात 35 टक्के राख असेल तर जवळजवळ 3,900 टन राख मागे उरते. नागपूरकरांचा राखेशी खरा संबंध येतो तो इथे. जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत शिरलं. तेव्हा हवेची यंत्रं काहीच दाखवत नव्हती. त्यांनी दाखवावं तरी काय?

राखेच्या बाबतीतला लाडका शब्द आहे ‘हंड्रेड परसेंट युटिलायझेशन’. 2021 च्या अखेरच्या अधिसूचनेने वीज केंद्रांवर राखेच्या पूर्ण वापराचं बंधन घातलं आणि न वापरलेल्या राखेवर टनाला हजार रुपये भरपाई ठेवली. नियम चांगला आहे. पण सिमेंट आणि विटांत गेलेली राखही ‘वापरलेली’ आणि सखल जमीन किंवा जुनी खाण भरायला टाकलेली राखही ‘वापरलेली’. विटेत राख बांधली जाते. खड्ड्यात टाकलेल्या राखेवर मातीचा थर नसेल तर ती उन्हाळ्यात उडते आणि पावसाळ्यात खाली झिरपते. म्हणून टक्का ऐकून टाळ्या वाजवण्याआधी फोड मागावी: सिमेंटला किती, विटांना किती, भरावाला किती, आणि भराव कुठल्या गावात.

भाषेचा मुद्दा अगदीच फोल आहे, असं मात्र नाही. 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीसाठी सारांश अहवाल इंग्रजीसोबत स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. मूळ जाडजूड अहवालाला ती सक्ती नाही, आणि खरी मेख असते ती नेमकी त्या जाड बाडातल्या तक्त्यांत. 2020 मध्ये या अधिसूचनेचा नवा मसुदा आला तेव्हा तो फक्त इंग्रजी-हिंदीत होता. दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत आणायला सांगितलं, तर केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. मराठीचा आग्रह धरायचाच असेल तर तो इथे धरावा. पीएम, बीओडी ही नावं खुशाल तशीच राहू द्या. ‘सूक्ष्म कणरूप द्रव्य’ म्हटल्याने कुणाचा दमा कमी होत नाही. तक्ते, एककं आणि अटी मात्र मराठीत हव्यात.

त्या तक्त्यांत सगळ्यात आधी पाहायचा शब्द ‘बेसलाइन’. प्रकल्पाच्या भोवती दहा किलोमीटर परिसरात आजची हवा कशी आहे, याची मापं पावसाळा सोडून एका ऋतूची, म्हणजे सुमारे तीन महिन्यांची, घेतात. मार्च ते मे घेतले की आकडे एक, डिसेंबर ते फेब्रुवारी घेतले की दुसरेच. पुढे प्रकल्पाची पडणारी भर या बेसलाइनमध्ये मिळवून ‘मर्यादेत’ असं लिहिलं जातं. तर पहिला प्रश्न महिन्यांचा. दुसरा, मिळवलेली भर एकट्या नव्या संचाची की आधीपासून धुमसणाऱ्या सगळ्या संचांसकट.

सुनावणीत नुसतं तावातावाने बोलून भागत नाही. नियमाप्रमाणे अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अधिकारी असतात, गणसंख्येची अट नसते, हजर असलेल्या प्रत्येकाला खुलासा मागायचा हक्क असतो. शेवटी इतिवृत्ताचा सारांश स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवावा लागतो. नेमकं त्या वेळी मंडप रिकामा होतो, कारण घोषणा देऊन झालेल्या असतात. आपला प्रश्न त्यात आला की नाही, हे ऐकायला दोन माणसं तरी थांबवावीत, आणि तोच प्रश्न पान क्रमांक, तक्ता क्रमांक आणि एककासह लेखी देऊन पोच घ्यावी. ‘प्रदूषण वाढेल’ याला ‘मर्यादेत राहील’ असं उत्तर मिळतं. ‘तक्त्यातली बेसलाइन कोणत्या तीन महिन्यांची’ याला तसं उत्तर देता येत नाही.

‘तिकडे बघा किती स्वच्छ’ असं सांगणाऱ्या अनिवासी मंडळींसाठीही थोडं. ब्रिटनचं शेवटचं कोळशाचं वीज केंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोर, 2000 मेगावॅटचं, 30 सप्टेंबर 2024 ला बंद झालं. ते 1968 पासून धूर सोडत होतं. म्हणजे इथलं निरभ्र आकाश तसं कालपरवाचं. पण त्या केंद्रावर एफजीडी, म्हणजे चुनखडीच्या पाण्याने धुरातला सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणारी यंत्रणा, 1990 च्या दशकातच बसली होती. भारतात 2015 च्या डिसेंबरात नियम आला, 2017 ची मुदत 2022 झाली, पुढे आणखी सरकली, आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या जवळपास 78 टक्के संचांना त्यातून सूटच मिळाली. कारण दिलं गेलं की आपल्या कोळशात गंधक कमी आणि हवेतला सल्फर डायऑक्साइड मर्यादेतच आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण हा वायू हवेत सल्फेटचे कण बनवतो, आणि ते शेकडो किलोमीटर दूर पीएम 2.5 म्हणून मोजले जातात. चिमणीजवळच्या यंत्रावर वायू कमी दिसला, यावरून दूरच्या गावात धूळ किती पडली ते कळत नाही. पीएम 2.5 मध्ये सल्फेट किती, हे गाळणीवरची धूळ प्रयोगशाळेत तपासून सांगता येतं. 1958 पासून नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था ज्या शहरात आहे, त्या शहराने हा आकडा महिन्याच्या महिन्याला, मायक्रोग्रॅममध्ये आणि मराठी तक्त्यात मागायला हरकत नाही.