सलग पंधरा वर्षे बाजाराला हरवल्याने काय सिद्ध होते?

अमेरिकी फंड व्यवस्थापक बिल मिलर यांच्या लेग मेसन व्हॅल्यू ट्रस्ट या फंडाने १९९१ ते २००५ अशी सलग पंधरा वर्षे एसअँडपी ५०० या, अमेरिकेतील सुमारे ५०० मोठ्या कंपन्यांच्या शेअरवरून काढलेल्या निर्देशांकाला मागे टाकले. सलग पंधरा वेळा छापा पडण्याची शक्यता ३२,७६८ मध्ये एक असते. त्यामुळे हे निव्वळ नशीब नव्हे असे अनेकांना वाटले, आणि त्यात कौशल्य नव्हते असे मीही म्हणणार नाही. भाव पडलेली चांगली कंपनी घ्यायची आणि भाव आणखी पडला तर आणखी घ्यायची, ही त्यांची रीत होती. २००८ मध्ये घसरणाऱ्या वित्तीय कंपन्यांचे शेअर याच रीतीने घेत राहिल्यामुळे फंडाचे मूल्य सुमारे ५५ टक्क्यांनी घटले. निर्देशांक लाभांश धरून ३७ टक्के खाली आला होता. पद्धत तीच राहिली, बाजार बदलला.

बाजारावर दीर्घकाळ मात करणे अशक्य आहे, असे माझे मत नाही. वॉरन बफे यांची बर्कशायर हॅथवे हे त्याचे ठळक उदाहरण आहे. मात्र त्या कंपनीचा शेअरही १९९९ मध्ये सुमारे २० टक्के उतरला, आणि त्याच वर्षी निर्देशांक लाभांशासह २१ टक्के वाढला. त्या डिसेंबरात ही तात्पुरती पीछेहाट आहे की पद्धतीचा अंत, हे आकड्यांवरून कोणाला ठरवता आले असते?

माझी खरी अडचण इथे आहे. एखादी पद्धत बाजारापेक्षा वर्षाला सरासरी २ टक्के जास्त देत असेल आणि हा फरक दरवर्षी साधारण १० टक्क्यांनी वरखाली होत असेल, तर तो योगायोग नाही असे संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीवर म्हणण्यासाठी सुमारे १०० वर्षांची नोंद लागते. गुंतवणूकदाराच्या हाती तेवढे आयुष्य नसते. शिवाय यश दिसले की पैशाचा ओघ सुरू होतो, आणि छोट्या कंपन्यांमध्ये सापडणारी संधी मोठ्या रकमेला पुरत नाही.

हेंड्रिक बेसेम्बाइंडर यांच्या अभ्यासानुसार १९२६ ते २०१६ या काळात अमेरिकी शेअर बाजाराने ट्रेझरी बिलांपेक्षा, म्हणजे अल्प मुदतीच्या सरकारी रोख्यांपेक्षा, जी जास्त संपत्ती निर्माण केली, ती सगळी केवळ ४ टक्के कंपन्यांच्या खात्यावर जमा होती. मोजके शेअर निवडणाऱ्याकडून नेमक्या याच कंपन्या सुटण्याची भीती मोठी असते. म्हणून माझ्या बचतीचा मोठा भाग मी निर्देशांक फंडात, म्हणजे निर्देशांकातले सगळे शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडात, ठेवतो, आणि स्वतः निवडलेला प्रत्येक शेअर घेतानाच, काय घडले तर माझा अंदाज चुकला असे मी मानेन, हे लिहून ठेवतो.