पाडव्याला त्याला कोणी साल दिलं नाही

यंदाच्या पाडव्याला गावात सालदार, म्हणजे वर्षभरासाठी शेतावर ठेवायचे गडी, ठरले. "माणूसच भेटत नाही" म्हणून वर्षभर रडणाऱ्या पाच-सहा शेतकऱ्यांनी एका धडधाकट माणसाला मात्र दारातूनच परत पाठवलं. कारण तो 'आतून' आलेला.

नाव लिहीत नाही. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात त्याच्या हातून खून झाला, जन्मठेप लागली. अशा गुन्ह्यात १४ वर्षं काढल्याशिवाय सरकारलाही सोडता येत नाही. त्यानं ती काढली, शेवटची काही मोर्शीच्या खुल्या कारागृहात. वागणूक पाहून निवडलेले कैदी तिथं शेती करतात. पळायला वाट असूनही तो पळाला नाही. सरकारनं त्याच्यावर एवढा भरवसा टाकला, अन् आपण त्याच्या हाती कुऱ्हाड द्यायला भितो.

मी त्याला कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायला रोजीनं बोलावलं. दुपारी आम्ही जेवायला बसलो, हा डबा धरून उभाच. "बसा ना काका" म्हटलं तेव्हा बसला. मग कॅनकडे पाहत हळूच विचारलं, "पानी पेऊ काय, भाऊ?" पन्नाशीचा माणूस, आपल्याच शिवारात, पाण्याला परवानगी मागतो! माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

त्याची आई अंथरुणावर होती तेव्हा त्यानं अभिवचन रजा (पॅरोल) मागितली होती. पोलिसांनी गावात विचारपूस केली. "आला तर भांडणं होतील," असं गावानंच सांगितलं. रजा मिळाली नाही, आई गेली. ही शिक्षा कोर्टानं दिली नव्हती.

ज्याचा जीव गेला त्याची बायको याच गावात राहते. तिनं याचं तोंडही पाहू नये, तो तिचा हक्क आहे. पण तिच्या नावानं गळा काढणाऱ्यांपैकी एकानंही इतक्या वर्षांत तिच्या वावरात डवऱ्याचा एक फेर मारून दिला नाही.

शिक्का मारायची आपली खोड जुनी आहे. इंग्रजांनी १८७१ साली आणलेल्या कायद्याखाली पारध्यांसारख्या जमाती जन्मापासूनच गुन्हेगार ठरल्या. १९५२ मध्ये तो रद्द झाला, तरी मोटरपंप चोरीला गेला की पहिलं बोट अजून पारध्यांच्या बेड्याकडेच, त्यांच्या वस्तीकडेच जातं.

अक्षय्यतृतीयेपासून तो माझ्याकडे सालानं राहील. घरात दोन दिवस अबोला होता, मग आईच म्हणाली, त्याचाही डबा मी भरते. बैलजोडी, बंडी अन् गोठ्याची किल्ली त्याच्याकडेच राहणार आहे.