‘फक्त बघायचंय’ म्हणणाऱ्याला मॉडेल कसं दाखवू नये

साईट इंजिनिअर असो, क्लायंट असो नाहीतर अंदाजपत्रक करणारा, एक ना एक दिवस तो येऊन इमारतीच्या संगणकावरच्या त्रिमितीय मॉडेलकडे बोट दाखवून म्हणणारच, “मला काही बदलायचं नाही हो, फक्त बघायचंय.” एवढ्याशा मागणीला सरळ उत्तर दिलं तर काम पाच मिनिटांत संपेल. तेव्हा ते टाळायचं कसं, ते पाहू.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे त्याच्यासाठी रेव्हिटचं, म्हणजे ज्यात हे मॉडेल बनतं त्या ऑटोडेस्क कंपनीच्या प्रोग्रामचं, पूर्ण लायसन्स विकत घ्या. महिन्यातून एकदा दारं मोजायला लागतं ना, मग वर्षभराचं हवंच. शिवाय ऑटोडेस्कने २०२० पासून नेटवर्क लायसन्स मोडीत काढून माणसागणिक लायसन्सची पद्धत आणली, त्यामुळे सगळ्यांत मिळून एक वापरायची सोयही गेली. लायसन्स हाती आलं की साहेब थेट सेंट्रल फाईल, म्हणजे सगळ्यांची सामायिक मूळ फाईल उघडतील, स्वतःची वेगळी प्रत करून देणाऱ्या ‘क्रिएट न्यू लोकल’वरची खूण काढतील, भिंतीला चुकून धक्का लावतील आणि सवयीने सेव्ह दाबतील. तिकडे बाकीच्यांचं सिंक, म्हणजे मूळ फाईलशी बदल जुळवणं, का अडकलं, याचा शोध संध्याकाळपर्यंत चालतो. कुणी ‘माझाच पासवर्ड घे’ म्हणाला तर तोही मार्ग आहेच. तो करारात बसत नाही, पण करार कोण वाचतो!

एक गोष्ट मात्र कुणाला कळू देऊ नका. रेव्हिट इन्स्टॉल केलं की स्टार्ट मेनूत ‘रेव्हिट व्ह्यूअर’ नावाचं आणखी एक चिन्ह येतं. प्रोग्राम तोच, पण लायसन्स न मागता उघडणारा. त्यात प्लॅन, सेक्शन, शेड्यूल (दारं-खिडक्यांसारख्या घटकांचे तक्ते) सगळं दिसतं. सेव्ह आणि एक्सपोर्ट होत नाही, आणि काही बदल केला की प्रिंटही बंद. म्हणजे बघणाऱ्याला हवं ते सगळं आहे आणि भीती वाटावी असं काहीच नाही. एवढं सोयीचं चिन्ह डेस्कटॉपवर ठेवणं धोक्याचं. आणि समजा कुणाला सापडलंच, तर व्हर्जन जुळू देऊ नका. २०२४ ची फाईल २०२३ मध्ये उघडतच नाही. उलट केलं, तर उघडताना फाईल अपग्रेड होते, आणि व्ह्यूअरमध्ये सेव्ह नसल्यामुळे तोच अपग्रेड दर वेळी पहिल्यापासून. मॉडेल मोठं असेल तर चहा होतो, जेवणही होतं.

वेगवेगळी मॉडेलं एकत्र बघायच्या नेव्हिसवर्क्सची ‘फ्रीडम’ ही आवृत्ती फुकट आहे, म्हणून तोही बेत हाणून पाडायला हवा. फ्रीडम फक्त एनडब्ल्यूडी आणि डीडब्ल्यूएफ जातीच्या, म्हणजे मॉडेलचे आकार पोटातच असलेल्या फाईली उघडतं, तेव्हा तुम्ही आवर्जून एनडब्ल्यूएफ पाठवा. ती फाईल म्हणजे नुसती पत्त्यांची यादी, भूमिती सगळी तुमच्याच सर्व्हरवर. फाईल ईमेलने आरामात जाते, समोरचा खूश होतो आणि मग उघडायला बसतो. नेव्हिसवर्क्सची मॅनेज किंवा सिम्युलेट ही विकतची आवृत्ती ज्याच्याकडे आहे, अशा एकाने ‘पब्लिश’ दाबून एनडब्ल्यूडी केली, तर बाकी सगळ्यांचा प्रश्न सुटतो. शिवाय तिथेच पासवर्ड आणि मुदतही घालता येते. म्हणून त्या एकाला नेमकं त्याच दिवशी रजेवर पाठवा.

रेव्हिटमधून डीडब्ल्यूएफ काढायची वेळ आलीच, तर थ्रीडी व्ह्यूमध्ये सेक्शन बॉक्स, म्हणजे आतला भाग तेवढा दाखवून बाकीचं कापणारी पेटी, चालू ठेवा. व्ह्यूमध्ये जे दिसतं तेच फाईलमध्ये जातं. अर्धी इमारत आणि लपवलेले डक्ट बघून क्लायंट निर्धास्त होतो.

आयएफसीचं, म्हणजे कुठल्याही कंपनीच्या प्रोग्राममध्ये चालावी अशा खुल्या जातीच्या मॉडेल फाईलचं, दुखणं वेगळं. आयएसओ १६७३९ असा तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा आहे आणि बीआयएमव्हिजन, सोलिब्री एनीव्हेअर यांसारखे फुकट व्ह्यूअर ती उघडतात. निदान एक्सपोर्टच्या सेटिंगला हात लावू नका. प्रॉपर्टी सेटवर, म्हणजे घटकांच्या माहितीच्या संचावर, खूण करायची राहिली की दाराची रुंदी दिसेल, पण तुम्ही मेहनतीने भरलेलं अग्निरोधक रेटिंग गायब. रेव्हिटची कुठली कॅटेगरी आयएफसीत काय म्हणून जाणार, ते मॅपिंग नीट केलं नाही की जिन्याचं ‘प्रॉक्सी’ होतं, म्हणजे ‘इथे काहीतरी आहे बुवा’. दोन सल्लागारांनी आरंभबिंदू वेगवेगळे धरले की इमारत इथे आणि तिचे खांब पार लांब, कुठेतरी शेतात. मग ‘आयएफसी बेभरवशाची’ म्हणायला आपण मोकळे.

ब्राउझरमधला ऑटोडेस्क व्ह्यूअर तर फारच निर्लज्जपणे सोपा आहे. फाईल चढवा, लिंक पाठवा, इन्स्टॉल काहीच नाही. मात्र मुदत वाढवली नाही तर ३० दिवसांनी फाईल जाते. तेव्हा लिंक आज पाठवा आणि बैठक एकतिसाव्या दिवशी ठेवा. मॉडेल बाहेरच्या सर्व्हरवर ठेवायला करारात परवानगी आहे का, हा प्रश्न खरं तर आधी विचारायचा असतो. तुम्ही तो बैठकीत विचारा.

साध्या डीडब्ल्यूजीसाठी, म्हणजे ऑटोकॅडच्या नकाशासाठी, ट्रूव्ह्यू हा व्ह्यूअर आहे, तोही फुकट. एक्सरेफ, म्हणजे त्या नकाशात बाहेरून जोडलेल्या दुसऱ्या फाईली, सोबत देऊ नका, की कागदावर नुसती चौकट उरते. पीडीएफ द्यायचीच तर ‘फिट टू पेज’ करून द्या; १:१०० ची पट्टी लावणाऱ्याला परमेश्वर भेटेल, माप भेटणार नाही.

एवढं करूनही एखादा चिवट माणूस मॉडेलपर्यंत पोहोचतो आणि त्याला तुळईतून आरपार गेलेला पाइप दिसतो. खरी भीती याचीच होती, लायसन्सच्या पैशांची नव्हे. आता तो शेरा बीसीएफमध्ये, म्हणजे मॉडेलवरचे शेरे पाठवायच्या खास फाईलमध्ये, पाठवेल, तर त्यात कॅमेऱ्याची जागा आणि घटकांचे क्रमांक असतात. उघडलं की तुम्ही थेट त्या तुळईपाशी. म्हणून बीसीएफचं नाव त्याच्या कानावर पडू देऊ नका. मॉनिटरचा मोबाईलने काढलेला तिरका फोटो मागवा, त्यावर लाल गोल असला की पुरे. कुठला मजला, खांबांची कुठली ग्रिड रेषा, हे विचारण्यात पुढचा आठवडा सहज निघतो.