चाळिशीतला ऑटिझम: एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या वर्षभरात एकच मजकूर मला तीन व्हॉट्सॲप गटांवर आला: माहेरच्या, शाळेतल्या जुन्या वर्गाच्या आणि सोसायटीच्या. त्याचा सारांश असा. ऑटिझम हा लहान मुलांचा आजार असून तो तिसऱ्या वर्षाच्या आत दिसतोच. जो शिकला, नोकरीला लागला, ज्याने संसार केला, त्याला चाळिशीत ऑटिझम ‘निघणे’ म्हणजे रील्स पाहून लागलेले खूळ. तसा थोडाफार ऑटिझम सगळ्यांनाच असतो. त्यावर औषध नाही, मग तपासून मिळवायचे काय. आणि बहुतेकांचा खरा डोळा दिव्यांगांच्या सवलतींवर असतो. माझी स्वतःची तपासणी ४१व्या वर्षी पुण्यात झाली. त्यामुळे मी या वादात तिऱ्हाईत नाही, हे आधी सांगून मग एकेका मुद्द्याकडे वळते.

पहिल्या मुद्द्यातला अर्धा भाग बरोबर आहे आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. ऑटिझम ही मेंदूच्या जडणघडणीतली बाब आहे, त्यामुळे त्याची लक्षणे बालपणापासून असावीच लागतात. डीएसएम-५ या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेत तशी अटच आहे. मात्र त्याच अटीत पुढे असेही नोंदवले आहे की, माणसाकडून होणाऱ्या सामाजिक अपेक्षा त्याच्या कुवतीपलीकडे जाईपर्यंत ही लक्षणे कदाचित पूर्णपणे उघड होणार नाहीत, किंवा पुढे शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली ती झाकली जाऊ शकतात. लक्षण असणे आणि ते कोणाच्या तरी लक्षात येणे, या दोहोंमध्ये चाळीस वर्षेही जाऊ शकतात.

शिवाय लक्षात येणार तरी कोणाच्या? माझी पिढी जन्मली तेव्हा त्याच पुस्तिकेच्या १९८० सालच्या आवृत्तीतली, म्हणजे डीएसएम-३ मधली, व्याख्या प्रमाण होती. इतर माणसांना प्रतिसादच न देणारे, भाषेत फार मागे राहिलेले आणि अडीच वर्षांच्या आत लक्षणे दिसलेले मूल तिला अभिप्रेत होते. घडाघडा बोलणाऱ्या, पाढे पाठ असणाऱ्या मुलांना सामावून घेणारे ॲस्पर्जर सिंड्रोम हे निदान त्या पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत आले ते १९९४ साली. आपल्याकडे १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्याने गणलेल्या सात प्रकारांत ऑटिझम नव्हता. त्याचे नाव आले ते १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात. तेव्हा १९८९ साली मराठी शाळेत तिसरीत बसलेल्या मुलीला ‘खरा ऑटिझम असता तर तेव्हाच कळला असता’ असे म्हणणाऱ्याने, तो कळवणार कोण होते तेही सांगावे. इंग्लंडमध्ये २००७ साली झालेल्या प्रौढांच्या मानसिक आरोग्याच्या पाहणीत सुमारे एक टक्का प्रौढ ऑटिझमच्या निकषांत बसले, आणि त्यांच्यातल्या जवळजवळ कोणाचेही निदान आधी झालेले नव्हते.

राहिला नोकरी-संसाराचा दाखला. हळदीकुंकवाला जाण्यापूर्वी मी स्वयंपाकघरात उभी राहून तीन वाक्ये तयार करीत असे: एक साडीबद्दल, एक मुलांच्या शाळेबद्दल आणि एक निघताना म्हणायचे. समोरचीच्या डोळ्यांत मनातल्या मनात चार आकडे मोजेपर्यंत पाहायचे, मग नजर कुंकवाच्या कोयरीकडे वळवायची, हा माझा ठरलेला हिशेब होता. सगळ्याजणींना मी ‘जरा अबोल, पण छान’ वाटत असे. घरी आल्यावर दिवा न लावता तासभर पडून राहावे लागे, ते अर्थात कोणी पाहत नव्हते. निभावून नेण्याची किंमत बाहेरून दिसत नाही, आणि लहानपणापासून ‘मुलीच्या जातीने चारचौघांत कसे वागावे’ हे घोटून घेतलेल्या बायकांमध्ये ती विशेष झाकलेली राहते.

रील्सचा मुद्दा मी पूर्णपणे धुडकावणार नाही. पंचवीस सेकंदांत ‘ही पाच लक्षणे असतील तर तुम्ही ऑटिस्टिक आहात’ असे सांगणारे व्हिडिओ ढीगभर आहेत आणि ते दिशाभूल करतात. २००१ साली केंब्रिजच्या संशोधकांनी तयार केलेली ऑटिझमची लक्षणे जोखणारी पन्नास प्रश्नांची एक्यू ही प्रश्नावलीसुद्धा केवळ चाळणी आहे. तिच्यात जास्त गुण पडले याचा अर्थ पुढे नीट तपासून घ्यावे, इतकाच. परंतु खुळावर इलाज हवा असेल तर तो तपासणीच आहे, कारण तपासणी ‘नाही’ असेही सांगते. चारचौघांत वावरण्याची भीती, मंत्रचळ (ओसीडी), एडीएचडी (लक्ष न टिकणे व अतिचंचलता), जुन्या आघाताचे परिणाम या सगळ्यांतून वरवर सारखेच चित्र दिसू शकते, आणि त्यांची वर्गवारी करणे हे त्या कामाचे मुख्य अंग आहे. माझी तपासणी तीन बैठकांत झाली. त्यांपैकी एक बैठक संपूर्णपणे आईची होती. मी वरण भाताला लागू देत नसे, वाटी वेगळीच लागायची. फ्रॉकची शिवण टोचते म्हणून तो घरात उलटा घालायचे. हे आई हसत हसत सांगत होती आणि मानसशास्त्रज्ञ बाई प्रत्येक वेळी ‘तेव्हा वय किती होते?’ एवढेच विचारून लिहून घेत होत्या. आईने पिशवीतून माझे तिसरीचे प्रगतीपुस्तक काढले. शेऱ्याच्या रकान्यात बाईंचे अक्षर होते: ‘अभ्यासात उत्तम. मधल्या सुट्टीत एकटीच असते.’ रील पाहून हा शेरा मागे जाऊन लिहिता येत नाही.

‘सगळ्यांनाच थोडा असतो’ या समजुतीत आपल्या भाषेचाही थोडा वाटा असावा. ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात; ‘स्वमग्न’ म्हटले की आपल्याच विचारात रमलेला माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि तसे आपण सगळेच अधूनमधून असतो. निदानाचे निकष याहून पुष्कळ कडक आहेत: सामाजिक देवाणघेवाणीच्या तिन्ही अंगांत (संवाद, नजर-हावभाव आणि नाती) अडचण हवी, तोचतोचपणा आणि संवेदनांशी निगडित चारांपैकी किमान दोन लक्षणे हवीत, आणि या सगळ्यामुळे रोजच्या जगण्यात ठळक अडथळा येत असला पाहिजे.

औषधाबद्दलचे म्हणणे खरे आहे; ऑटिझम घालवणारे औषध नाही. पण निदान नव्हते तेव्हा मी औषधांशिवाय होते असे कोठे आहे? सहा वर्षे मला एका ठिकाणी चिंतेच्या गोळ्या मिळत होत्या आणि ‘माणसांत मिसळा, बरे वाटेल’ हा सल्ला त्यांच्यासोबत फुकट मिळत होता, जो मी इमाने इतबारे पाळून दर सहा महिन्यांनी अंथरुणाला खिळत होते. निदानानंतर सल्ला उलटा झाला. कार्यालयात तोंडी सूचनांऐवजी ईमेल मागून घेतला, गुणगुणणाऱ्या ट्यूबलाइटखालची जागा बदलून घेतली, लग्नाला फक्त जेवणापुरते जायचे ठरवले. गोळ्या पुढे डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी झाल्या. सगळ्यांचे असेच होईल असा माझा दावा नाही.

सवलतींच्या आरोपाला आकडेच पुरेत. निदानाचा अहवाल वेगळा आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र वेगळे. प्रमाणपत्रासाठी आयसा ही ऑटिझमची तीव्रता मोजणारी भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे असून प्रत्येकाला १ ते ५ गुण असतात, आणि एकूण ७० पेक्षा कमी गुण पडले तर तिच्या लेखी ऑटिझम नाही. बोलणे-चालणे शिकून घेतलेला प्रौढ माणूस निदान होऊनही या रेषेखाली राहू शकतो. प्रमाणपत्र मिळालेच, तरी २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार सरकारी नोकऱ्यांतली एक टक्का जागा ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांत मिळून आहे. एवढ्यासाठी कोणी आईला घेऊन तीन बैठका आणि हजारो रुपये घालवील असे मला वाटत नाही.

ज्यांना स्वतःबद्दल खरोखर शंका आहे त्यांनी प्रौढांच्या तपासणीचा अनुभव असलेला मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठावा, आणि वेळ घेतानाच ‘मोठ्यांची तपासणी करता का’ हे स्पष्ट विचारावे, कारण अनेक केंद्रे केवळ मुलांचीच करतात. जाताना जुनी प्रगतीपुस्तके शोधून न्यावीत. आई-वडील नसतील तर थोरली बहीण किंवा आत्याही चालते. तुम्ही पाच वर्षांचे असताना काय खात नव्हता, एवढे तिला आठवत असले पाहिजे.